नियम क्रमांक 58 यांस, लालबागहून

श्री. रा. रा. नियम क्रमांक 58 साहेब,
मुक्काम : विकास नियंत्रण नियमावली, बृहन्मुंबई.

लालबागच्या एका पागडीवाल्या भाडेकरूचा कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही बिऱ्हाड बदलल्याचे कळले. 2018 साली मुंबईला नवी नियमावली लागू झाली आणि तुम्ही 58 नंबरातून उठून 35 नंबरात राहायला गेलात. काम उरकले की नाव-नंबर बदलून दुसरीकडे राहायचे, ही रीत आमच्या भागाला नवी नाही. संपानंतर इथली बरीच पोरे तशीच वागायची. फरक इतकाच, की त्यांच्या मागे निदान पोलीस तरी असायचे. तुमच्या मागे कोणीच लागले नाही, म्हणून म्हटले आपणच चार ओळी खरडाव्यात.

गिरणगावाचे वाटोळे कोणी केले यावर आमच्याकडे नाक्यानाक्यावर अजून वाद झडतात. कोणी 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपाला बोल लावतो, कोणी संपाचे पुढारी डॉक्टर सामंत यांना, कोणी मालकांना, कोणी राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, तर कोणी झाडून सगळ्या पक्षांच्या सगळ्या मंत्र्यांना. सुमारे अडीच लाख माणसे घरी बसली, त्यामुळे शिव्या घालणाऱ्यांची कमतरता नाही आणि शिव्या खाणाऱ्यांचीही. तुमचे नाव मात्र कोणाच्या तोंडी येत नाही. येणार कसे? नियमाचा पुतळा जाळता येत नाही, नियमाला घेराव घालता येत नाही आणि निवडणुकीत नियमाचे डिपॉझिट जप्त करता येत नाही. पण साहेब, संपाने फार तर गिरण्या बंद पाडल्या असतील. बंद गिरणीच्या जागेवर पुढे काय उभे राहायचे, हे काही संपाने ठरवले नाही. ते तुम्ही ठरवलेत.

तेव्हा आधी अभिनंदन. सुमारे सहाशे एकर जमीन, तीही शहराच्या पोटात, एका अंगाला मध्य रेल्वे आणि दुसऱ्या अंगाला पश्चिम रेल्वे. 1854 साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली, तिथपासून सव्वाशे वर्षे ही जमीन कारखान्यांखाली अडकली होती आणि आता एकदम सुटणार होती. ओसाड कारखान्यांवर नवे गाव वसवायची इतकी मोठी संधी कोणत्याही शहराला पुन्हा पुन्हा येत नाही. मुंबईला ती आली आणि दरवाजा उघडायला तुम्ही गेलात.

तुमचा जन्म 1991 चा. लहानपणी तुम्ही फार गुणी होतात, हे मी कोणापुढेही सांगेन. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळमानाने तीन भाग करा, असे तुम्ही बजावले होते : एक महापालिकेला, बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी, आणि एक मालकाला, त्याला काय हवे ते बांधायला. सोडलेल्या जमिनीच्या बदल्यात मालकाला विकास हक्कही मिळणार होते, म्हणजे तो काही उघड्यावर येत नव्हता. जमीन विकून येणारा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून कामगारांची देणी भागवावीत, गिरणी पुन्हा उभी करावी, अशीही कलमे तुमच्या अंगावर होती. बाग, घर आणि धंदा. गाव वसवायला आणखी काय लागते?

इतक्या गुणी मुलाशी अर्थातच कोणी खेळायला येईना. शिवाय एक खोडी तुम्ही तेव्हाही खिशात बाळगली होती. गिरणी पाडून नवे बांधले तर वाटणी, पण जुन्याच बांधकामात वापर बदलला तर वाटणी नाही. झाले. लोअर परळच्या एका गिरणीत नव्वदच्या दशकाअखेरीस बोलिंगचा अड्डा उघडला. कागदोपत्री ती कामगारांच्या करमणुकीची सोय होती, असे त्या वेळी छापून आले होते. तिसरी पाळी सुटली की साचेवाले विडी विझवणार, हातपाय धुणार आणि चकचकीत लाकडी पट्टीवर गोळे घरंगळवायला जाणार. कामगारांच्या करमणुकीची एवढी काळजी तोवर कोणी घेतली नव्हती. बिचाऱ्यांना आत जाण्याइतके पैसे मिळाले असते, तर तेही खेळले असते.

मध्यंतरी, 1996 मध्ये, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे आमच्या भाषेत एनटीसीच्या, परळ भागातल्या गिरण्या त्यांनी अभ्यासल्या होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते : एकेक गिरणी सुटी धरून तिचे तुकडे पाडू नका, सगळ्या जमिनींचा मिळून एक आराखडा करा, म्हणजे बागेचे तुकडे जोडून खरी बाग होईल आणि रस्त्याला रस्ता लागेल. अहवाल चांगला होता. त्यामुळे तो वाचला जाण्याची शक्यता पहिल्यापासूनच कमी होती.

मग आले 2001 साल आणि तुम्ही वयात आलात. सरकारने तुमच्यात दुरुस्ती केली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळले नाही, कारण तीन वाटे तसेच राहिले आणि महापालिका, म्हाडा, मालक ही नावेही तशीच. वाटणी कशाची करायची, तेवढे बदलले. आता सगळ्या जमिनीची नव्हे, तर गिरणीच्या आवारात जी जमीन मोकळी पडून आहे तेवढीचीच. जिच्यावर शेड उभी आहे ती वाटणीतून बाहेर, आणि शेड उद्या पाडली तरी बाहेरच. भाऊबंदकीत थोरला पंचांसमक्ष सांगतो की तिघांत सारखे वाटू, आणि मोजायच्या दिवशी घर, गोठा, परसू बाजूला ठेवून फक्त तुळशीपुढचे अंगण मोजायला घेतो, तसला हा मामला. पंचही म्हणतात, वाटणी सारखीच झाली की!

याचा हिशेब मी आमच्या मजल्यावरच्या एका निवृत्त साचेवाल्याला समजावून सांगितला. त्यांचे शिक्षण चौथी, पण जन्मभर कापडाचा वार मोजलेला माणूस. म्हटले, दादा, समजा पंधरा एकरांची गिरणी आहे. बैठी गिरणी, सूतखाते, साचाखाते, गोदाम, बॉयलर सगळे पसरलेले. त्याखाली गेले बारा एकर. मोकळे किती? तीन, म्हणाले. जुन्या नियमाने लोकांना किती मिळाले असते? बागेला पाच, घरांना पाच. नव्या नियमाने? त्यांनी बोटे दुमडली, पुन्हा उघडली. "बागेला एक. घरांना एक." आणि मालकाला? "तेरा." मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "ह्ये लिवनारा कुठल्या गिरणीत जॉबर व्हता?"

मला उत्तर देता आले नाही. तुमचे लेखनिक कोण, हे तुम्हीच कधीतरी सांगा.

पुढचे सगळे कायदेशीर झाले, याबद्दल दुमत नाही. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने तुम्हाला कोर्टात खेचले. 17 ऑक्टोबर 2005 ला उच्च न्यायालयाने तुमचे कान उपटले आणि वाटणी सगळ्या जमिनीची होते असे ठरवले. त्या दिवशी चिंचपोकळीपासून वरळीपर्यंत लोकांनी एकमेकांना पेढे भरवले असते, पण तेवढा वेळ मिळाला नाही. 7 मार्च 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि तुम्ही निर्दोष सुटलात. न्यायालयाचा मान ठेवूनच हे पत्र लिहितो आहे. निर्दोष सुटलेल्यालाही शेजारी पत्र लिहू शकतात.

त्याच 2005 मध्ये एनटीसीने पाच गिरण्या लिलावात काढल्या आणि सुमारे दोन हजार कोटी रुपये उभे केले. गिरण्या सरकारी, जमीन सरकारी आणि घेणारे बिल्डर. सरकारलाच बाग नको आणि घरे नकोत म्हटल्यावर खासगी मालकांनी कशाला सोवळे पाळायचे?

तर असे हे नवे गाव. आता त्याचे वर्णन तुम्हालाच ऐकवतो, कारण फायलीतून बाहेर पडून तुम्ही ते पाहिले असण्याची शक्यता नाही. जिथे ज्युपिटर मिल होती तिथे काचेची कार्यालये आहेत. श्रीनिवास मिलच्या जागी 280 मीटरचा मनोरा आहे, नाव वर्ल्ड वन. एवढ्या उंचीवरून सगळे जग दिसत असेल, खालचे करी रोड तेवढे दिसत नसणार. लोअर परळला दलाल अप्पर वरळी म्हणू लागले आहेत. पत्त्यात लोअर लिहायला गिऱ्हाईक लाजते म्हणे. हिरवळ भरपूर आहे, पण ती फाटकाच्या आत. आमच्या इथल्या एका फाटकाशी संध्याकाळी उभे राहिले, की नव्या गावाची गावकी बघायला मिळते. आत जायचे तर आधी फोटो, मग फोन नंबर, मग मोबाइलवर आलेला आकडा, मग वरून होकार. जेवण पोचवणारी पोरे डोक्यावरचे हेल्मेट न काढता सर्व्हिस लिफ्टची वाट बघत भिंतीला टेकलेली. त्यातल्या एकाला परवा वॉचमनने विचारले, "किधर जाना है?" पोरगा शुद्ध मराठीत म्हणाला, "काका, माझा आजा इथेच कामाला होता." वॉचमननेही शुद्ध मराठीत उत्तर दिले, "माझा पण. नंबर टाक."

आणि या गावात राहणारे कुठे काम करतात, काम करणारे कुठे राहतात, याचा विचार तुमच्या कोणत्या पोटकलमात आहे? गिरणीच्या काळी अडीच लाखांतली बहुतेक माणसे कामावर चालत जायची. भोंगा वाजला की चाळीतून गिरणीत, पाळी सुटली की गिरणीतून चाळीत. इथली स्थानके त्या चालणाऱ्या गावाच्या मापाची. तुम्ही साच्यांच्या जागी टेबले मांडलीत आणि टेबलावर बसणारा विरार, बदलापूर, पनवेलहून येतो, तोही सगळा एकाच वेळी, सकाळी नऊ-साडेनऊला. पाळ्या तीन होत्या त्या एक झाल्या, जिने मात्र तेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 ला सकाळी पाऊस आला, परळ आणि एल्फिन्स्टन रोड जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर माणसे आडोशाला थांबली, मागून गाड्यांतून आणखी उतरली आणि 23 जण चेंगरून मेले. मग लष्कराला बोलावून नवा पूल बांधून घेतला. सीमेवर करायचे काम परळला करावे लागले. बरोब्बर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरला, कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबांना मध्यरात्रीनंतर आग लागली आणि 14 जण गेले. त्या दोन्ही चौकशांत तुमचा जबाब कोणी घेतला नाही. नियमाला समन्स कुठल्या पत्त्यावर पाठवायचे?

तुम्हाला वाटेल, हा जुन्या गिरणगावाच्या आठवणी काढून गळा काढणाऱ्यांतला दिसतो. तसे काही नाही. ते गाव काही गोकुळ नव्हते. बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या गावकीच्या खोल्या असायच्या. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, रत्नागिरीच्या एकेका गावाचे वीस-वीस, तीस-तीस बाप्ये एका खोलीत, आणि ते मावायचे ते केवळ पाळ्या तीन होत्या म्हणून. एकाची वळकटी दुसऱ्याच्या पाठीखाली. संडासाची रांग, कापसाच्या तंतूंनी भरलेली छाती, जॉबरची दादागिरी. बायकांनी भाकऱ्या थापून डबे पोचवायचे आणि सावकाराचे व्याज भरायचे. त्या खाणावळवाल्यांसाठीच प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. हे गाव बदलायलाच हवे होते. पाचशे फुटांचे घर, आत संडास, समोर मैदान आणि पोराला चालत जाता येईल असे काम, एवढीच मागणी होती. गंमत म्हणजे, 1991 चे तुम्ही ते देऊ शकत होतात. बीडीडी चाळींचा पुनर्विकास पाहा : उशीर झाला, भांडणे झाली, पण ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या 556 कुटुंबांना त्याच जागी पाचशे फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. म्हणजे अशक्य काही नव्हते.

कामगारांच्या घरांचे काय झाले, तेही सांगतो. मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या, तेव्हा कुठे म्हाडाच्या त्या अंगणाच्या वाट्यावर घरे बांधायचे ठरले. 225 चौरस फुटांचे घर. पहिली सोडत निघाली 2012 मध्ये. अर्ज आले पावणेदोन लाखांच्या आसपास. 2020 पर्यंतच्या सगळ्या सोडती मिळून घरे निघाली 15,870. त्यांतली 2,417 तर पनवेलजवळ कोनला. 2016 मध्ये ती सोडतीत लागली आणि ताबा मिळायच्या आत करोना आला, तेव्हा ती विलगीकरणासाठी घेतली गेली. मालकाआधी रोगी राहून गेले.

अर्जासाठी कागद काय लागतात, ठाऊक आहे? 1982 च्या 1 जानेवारीला किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीत होतात याचा पुरावा. तिकीट नंबर, हजेरी कार्ड, विम्याचे कार्ड, पगारपावती, फंडाची चिठ्ठी. आमच्या शेजारच्या आजींनी पत्र्याची ट्रंक उघडून नवऱ्याचे सगळे कागद काढले. वाळवी लागलेले, पण घडीवर घडी नीट. त्यांत बदली पास होता, ज्यावर नाव "सखाराम" आणि फंडाच्या चिठ्ठीवर "सकाराम". एका अक्षरासाठी आजी प्रतिज्ञापत्र करायला हिंडत होत्या. इथे एका अक्षरासाठी घर अडते, आणि तुमच्या दोन-चार शब्दांत शेकडो एकर निसटतात, तर तुम्हाला कोणी प्रतिज्ञापत्र मागत नाही!

पण मी उगाच तक्रार करतोय. कामगारांसाठीही गाव वसवायचे ठरलेच आहे. 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे 81,000 घरे, शेलू आणि वांगणीला. कामगाराने भरायचे साडेनऊ लाख. शेलू-वांगणी म्हणजे बदलापूरच्या पुढे, नेरळच्या अलीकडे. हवा छान, डोंगर दिसतो. लालबागच्या गणपतीला यायचे तर कर्जत लोकल धरायची, दादरला उतरायचे, धीमी गाडी धरायची आणि करी रोडला यायचे, कारण जलद गाडी करी रोडला थांबत नाही. पावसाळ्यात उल्हास नदीही भेटायला येते. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळच महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवासी होड्यांनी काढावे लागले होते. ज्या महालक्ष्मीने सांगली-कोल्हापूरची माणसे गिरणीत आणली, तिनेच वाटेत उभे राहून पुढचा मुक्काम दाखवून दिला म्हणायचे. ज्यांना हे घर नको, त्यांचा हक्कच संपवणारे कलमही त्या निर्णयात होते. 9 जुलै 2025 ला कामगार आझाद मैदानात बसले ते त्यासाठीच : ते कलम काढा आणि घरे मुंबईत द्या. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला माणूस त्या दिवशी अडुसष्टचा होता. काही काठ्या टेकत आले होते, काहींच्या जागी मुले आली होती, आणि काहींच्या मुलांचेही केस पिकले होते.

दुसरीकडे 2023 मध्ये वरळीतल्या एका गिरणीची 22 एकर जमीन एका जपानी कंपनीने सुमारे 5,200 कोटींना घ्यायचे ठरवले. मुंबईत जागा नाही असे मंत्री सांगतात तेव्हा मला नेहमी हाच आकडा आठवतो. जागा आहे. तुमच्या कृपेने ती कोणाची, एवढाच प्रश्न आहे.

आता मुद्द्याचे. एनटीसीच्या काही गिरण्या अजून शिल्लक आहेत. टाटा मिल, पोद्दार मिल यांचे साचे मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबले, ते पुढे धडपणे फिरलेच नाहीत. भिंतीतून पिंपळ आलेत, शेडचे पत्रे वाऱ्याने वाजतात, आवाराच्या कडेला जुन्या चाळींत माणसे राहताहेत. कधीतरी तिथेही मोजणीला यावे लागेल. तेव्हा 58 म्हणून या किंवा 35 म्हणून या, पण शेड पडायच्या आत या, आणि दुपारी चारनंतर या, म्हणजे आमच्या मजल्यावरचे दादा झोपून उठलेले असतील. फीत आम्ही आणतो. एक टोक ते धरतील, पूर्वेच्या कंपाउंड भिंतीला टेकवून. दुसरे तुम्ही धरा आणि पश्चिमेच्या भिंतीपर्यंत सरळ चालत जा. मध्ये शेड आली तर आतून जायचे, दरवाजा उघडा आहे.

बाकी सर्व क्षेम. घरातल्या पोटकलमांस आशीर्वाद, परंतुकांस नमस्कार.

आपला,
एक भाडेकरू, तिसरा मजला, लालबाग

ता. क. : चहाला थांबणार असाल तर आधी कळवा. आमच्याकडे यायला नंबर टाकावा लागत नाही, पण दूध संध्याकाळी लवकर संपते.